नियम सहा आणि दगडमाशी

खरं प्रेम पाण्यासारखं निर्मळ असावं लागतं. पाण्यावर तशी सक्ती नाही. न्यू मेक्सिकोत त्यात योग्य ते किडे निघाले की पुरतं.

हे किडे मोजायला पाणी खात्याची एलोइसा सान अँसेल्मोत आली, तेव्हा तिचा मदतनीस तापाने पडला होता. पाटाच्या दाराशी एक उंच माणूस फावड्यावर रेलून उभा होता.

"जाळी धराल?" तिने विचारलं. "मी वरच्या अंगाला दगड लाथाडते. जे निसटेल ते वाहत तुमच्याकडे येईल."

"बाई, माझ्याकडे आजवर आपणहून काहीच आलेलं नाही," डेलफिनो म्हणाला आणि पाण्यात उतरला.

तो गावाचा पाटकरी. वर कुठेतरी मैल्याची टाकी फुटल्यापासून दार बंद होतं, आणि गावभरची मिरचीची रोपं डब्यांत पिवळी पडत होती. तीन आठवडे, तीन फेऱ्या. सापडलेल्या किड्यांच्या गुणांची बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली तर पाणी.

"जळूला एक गुण. दगडाखाली वाढणाऱ्या दगडमाशीला दहा. तिला घाण अजिबात खपत नाही."

"आमच्या आत्यासारखीच."

पहिल्या फेरीत जळवा निघाल्या. दुसरीत – डेलफिनोने नवा शर्ट घातला होता – जळवा, गोगलगायी आणि एक लांबलेली नजर. नजरेला गुण नव्हते.

तिसऱ्या फेरीला दोघं वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभी.

"एलोइसा... मला तुम्हाला एक –"

"बोलू नका!" ती किंचाळली. "नियम सहा! तपासनीसाचे पाटकऱ्याशी वैयक्तिक संबंध आढळले तर नमुना रद्द. दुसरा तपासनीस दीड महिन्याने."

"पण जाळी धरलेली चालते?"

"जाळी चालते. हात नाही."

"आणि मनातल्या मनात...?"

"मनाला रकाना नाही."

काठावरून युफेमिया आत्या गरजली, "डेलफिनो! चौतीस वर्षं तोंड शिवून बसलास, आता अजून पाच मिनिटं बस! माझी चारशे रोपं आहेत!"

तो गप्प राहिला. इतक्या प्रेमाने कुणी गप्प बसलं नसेल. एलोइसा काठावर पांढऱ्या ताटात चिमट्याने किडे निवडू लागली. तो पाण्यातच उभा, कारण बाहेर ये असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. जळू. गोगलगाय. जळू... मग कुजक्या पानाखालून दोन शेपट्यांचं, तपकिरी, रागीट असं दगडमाशीचं पिल्लू बाहेर आलं.

चिमटा तिच्या हातून ताटात पडला. थंडीने, असं तिने नंतर सांगितलं. बेरीज एका गुणाने जमली. तिने सही केली, वेळ घातली – अकरा वीस.

"आता बोल," ती म्हणाली.

ते पहिलं 'तू'. डेलफिनोचे ओठ निळे पडले होते. "म-मला तू... फ-फार –"

"मलापण," म्हणत ती पाण्यात उतरली आणि त्याचा हात धरला. दगड शेवाळलेले होते. दोघंही उताणी पडली, हसता हसता बरंच पाणी प्याली, आणि आत्याने तोवर पाटाचं दार उघडलं.

अहवाल अजून त्या दाराला खिळ्यावर लटकतो : पाणी सिंचनास योग्य. स्नानास अयोग्य.