खिळ्यावरचा नान

कुपीत एकच डोस उरला होता आणि घड्याळात सव्वाबारा झाले होते. लसीची कुपी एकदा उघडली की तिचे तास मोजलेले असतात. दोनच्या आत तो डोस कुणाच्या तरी दंडात जायला हवा होता, नाहीतर कचऱ्यात. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्याला चाळीस डोस आले होते आणि मागणारे दोनशे होते. ज्यांना खरी गरज, ते मात्र दार लावून आत बसलेले. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असं कुणाच्या तरी फोनवर आलं होतं. मी म्हणायची, "न घेता दोन आठवड्यांत गेलेले मी पाहिलेत, काय ते तुम्ही ठरवा." सानोबर नर्स आधी जिभेने टोचते, मग सुईने, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

निळी थंड पेटी खांद्याला लावली आणि पाटाच्या कडेकडेने निघाले. चिल्ला चालू होता. उन्हाळ्याच्या त्या चाळीस दिवसांत आमच्या फरगाना खोऱ्यात दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. पाट नऊ दिवस कोरडा ठणठणीत होता. वर कुठेतरी पाटाचा दरवाजा मोडला होता आणि दुरुस्त करणारे निम्मे लोक तापाने पडले होते. शहरातल्या इस्पितळात पुन्हा खाटा कमी पडायला लागल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात रात्रंदिवस ऐकलेला गाड्यांचा भोंगा परत ऐकू यायला लागला होता.

पाटाच्या टोकाचं घर इनोयत बुवीचं. वय पंचाहत्तर, रक्तात साखर, घरात एकटी. मुलगा मुरोदजोन मजुरीला रशियात. यादीत तिचं नाव सगळ्यांत वर होतं आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात तीनदा लिहिलेलं होतं, 'नकार'. तिन्ही वेळा मी दारातूनच हाक मारली होती आणि तिने आतूनच उत्तर दिलं होतं, "म्हातारा आला की दोघं मिळून घेऊ."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा, तोजीबोय ओता. तो गेल्या उन्हाळ्यात वारला होता. आणि ती अजून त्याची वाट का बघते, हे फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

ओता चाळीस वर्षं आमचे पाटकरी होते. कुणाच्या बागेला कोणत्या दिवशी पाणी, किती वेळ, सगळं डोक्यात. ताडमाड उंची, खांद्यावर फावडं, कमरेला चौकोनी रुमाल. स्वतःच्या अंगणाला पाणी सगळ्यांत शेवटी द्यायचे, कुणी बोट दाखवायला नको म्हणून. लहानपणी आम्ही पोरं तुतीखाली वाट बघत बसायचो. आधी लांबून ओल्या मातीचा वास यायचा, मग पाण्याच्या पुढे ढकलला जाणारा पाचोळा, आणि पाचोळ्यामागे ओता. घरात शिरण्याआधी ते दारातल्या दगडावर फावडं तीनदा घासायचे. खर्र, खर्र, खर्र. ते ऐकलं की बुवी आधण ठेवायची. ते दिवस वेगळेच होते. मरण तेव्हाही होतंच, पण माणूस गेला की सगळी गल्ली त्याला पोचवायला जायची.

आमच्याकडे घरचं माणूस लांबच्या वाटेला निघालं की त्याला नानचा एक घास तोडायला लावतात. हाताने नाही, दाताने. उरलेला नान कापडात बांधून खिळ्याला टांगायचा. त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. ज्याचा घास, त्यानेच परत येऊन तो संपवायचा.

गेल्या जुलैत ओतांना इस्पितळात न्यायला गाडीबरोबर मीच गेले होते. नखशिखांत पांढरा पोशाख. बुवीने मला नुसत्या आवाजावरून ओळखलं. ओतांचे ओठ निळे पडले होते. त्यांना गाडीत चढवलं, तर बुवी नान घेऊन गाडीच्या दारातच उभी.

"घास घेतल्याशिवाय नेऊ द्यायची नाही."

"बुवी, त्यांना श्वास पुरत नाहीये."

"एकच घास, पोरी. मग ने."

ड्रायव्हर घाई करत होता, अजून दोन घरं बाकी होती. मी नान घेतला आणि आत वाकले. ओतांनी मान हलवली, नाही. नाकातोंडावरचा ऑक्सिजन काढण्याची सोय नव्हती. तेव्हा मी दाराकडे पाठ केली, माझा मास्क खाली ओढला आणि तो घास मीच तोडला. मग नान बाहेर दिला. "घेतला, बुवी. सोडा आता."

तिने नान कपाळाला लावला आणि बाजूला झाली.

पाचव्या दिवशी ओता गेले. अंघोळ नाही, तोंड पाहणं नाही. पिशवीत बंद करून पांढऱ्या पोशाखातल्या परक्या माणसांनी लांबच्या माळावर पुरलं. त्याच आठवड्यात मीही पडले. पुढचे दोन महिने माझ्या तोंडाला कशाचीच चव नव्हती. शेवटची आठवत होती ती त्या नानवरच्या तिळाची.

नानच्या बाबतीत खोटं बोलणं आमच्यात लहान पाप नाही. वर्षभर ते मनात कुजत होतं. त्या दुपारी मी ठरवूनच निघाले होते, की खरं काय ते सांगून टाकायचं. मग बुवी दंड पुढे करो, नाहीतर मला हाकलून देवो.

दार ढकललं. द्राक्षवेलीखाली लाकडी चौथऱ्यावर बुवी बसली होती. समोर दस्तरखान अंथरलेलं, चहाची किटली आणि तीन पियाल्या.

"आज आत येतेस, की दारातूनच ओरडून जातेस?"

"येते. कुणी पाहुणे यायचेत का?"

"तू आलीस ना," बुवी म्हणाली आणि माझी पियाली अर्धी भरली.

मी पेटी सावलीत ठेवली.  मग एका दमात बोलले. "बुवी, तो घास ओतांनी घेतला नव्हता. मी घेतला होता."

बुवी हसली. वरची सगळी सोन्याची दातओळ चमकली. "त्याला पुढचे दात होते का गं?"

मी हातातली पियाली खाली ठेवली.

"दहा वर्षं तो नान चहात बुडवून खात होता. आणि तू मला दातांचा घास दाखवतेस. तोही मध्ये फट असलेल्या दातांचा. माझे जर्दाळू चोरायचीस तेव्हापासून ओळखते मी ती फट."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? दारातून ओरडणाऱ्या बाईला? ज्याचा घास, त्याने यायचं. वर्ष झालं तुझी वाट बघतेय."

"आणि गल्लीला सांगताय, ओता येणार म्हणून."

"मग काय सांगू? नर्स येणार म्हणून?" ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "तो गेला हे कळतं मला. मी काही वेडी नाही. पण घासाशिवाय गेला, पोरी. कशानेच बांधलेला नाही. आता त्याला परत यायचं कारणच उरलं नाही. तेवढंच रात्रंदिवस खातं मला."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. नियम होते, घाई होती, सगळं खरं. तरी एका माणसाचा शेवटचा घास मी खाल्ला होता.

"चढ," बुवी म्हणाली. "काढ तो."

खिळा खोलीतल्या भिंतीवर ओतांनी स्वतःच्या हाताच्या मापाने ठोकलेला. दुसऱ्या कुणाचा हात तिथे पोचत नसे. गेल्या वर्षी बुवी पेटाऱ्यावर चढून नान टांगू शकली होती. आता तिचे गुडघे गेले होते. मी चढले, गाठोडं काढलं. नान विटेसारखा झाला होता. एका कडेला माझा घास, मधल्या फटीसकट.

माझ्या बाजूने मी चहात भिजवून खायला सुरुवात केली. निम्मा झाल्यावर बुवीने हात धरला. "बस. तुझं फिटलं. बाकीचा राहू दे." मग तिने बाही वर सरकवली. "आण ती सुई. आता वाट बघत बसायचं काम संपलं माझं."

एक वाजून पाच मिनिटांनी शेवटचा डोस तिच्या दंडात गेला. मला तर रडूच आलं. तिने मला एक चापटी दिली, "टोचलं मला आणि रडतेस तू."

लस दिल्यावर अर्धा तास माणसाजवळ बसायचं, हा नियम. आम्ही बसलो. उरलेला अर्धा नान आमच्या मध्ये, तिसऱ्या पियालीजवळ. बुवी ओतांच्या गोष्टी सांगत होती. लग्नाच्या वर्षी त्यांनी चुकून स्वतःच्याच बागेला आधी पाणी सोडलं, आणि चूक लक्षात आल्यावर लाजून आठवडाभर गल्लीत तोंड दाखवलं नाही. आम्ही दोघी हसलो.

हसू थांबलं आणि मला वास आला.

ओल्या मातीचा.

अंगणाच्या कडेची नाली कोरडी होती. मी तिच्याकडे बघत होते, नीट आठवतंय. भिंतीखालच्या भोकातून आधी थोडा पाचोळा आला. सुकी तुतीची पानं, एक काडी, पुन्हा पानं. मग त्यांच्यामागून पाण्याची एक बारीक जीभ…

"पाटाचा दरवाजा दुरुस्त झाला वाटतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

 बुवीने किटलीतला चहा तिसऱ्या पियालीत ओतला. अर्धीच भरली, पाहुण्याला मान म्हणून आमच्यात भरतात तशी.

बाहेर दारातल्या दगडावर लोखंड घासलं गेलं. खर्र…

मी उठायला गेले. बुवीने माझं मनगट पकडलं. तिचा हात गरम आणि घट्ट होता. "बस. अर्धा तास व्हायचाय."

खर्र…

"बुवी…"

"वळू नकोस. तो लाजतो."

खर्र…

मग काहीच नाही. दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. नालीतलं पाणी तेवढं वाहत होतं. माझ्या पाठीला गारवा जाणवला, वाफ्यात पाणी शिरलं की येतो तेवढाच. मी डोळे मिटून घेतले. सोळा वर्षं प्रेतं पाहिलेली बाई मी, पण डोळे उघडायची छाती झाली नाही. भीती वाटत होती आणि खरं सांगते, बरंही वाटत होतं. लहानपणी पाणी यायचं तेव्हा वाटायचं, तसं.

"झाला तुझा अर्धा तास," बुवी म्हणाली.

डोळे उघडले. नाली कोरडी होती. पण तिच्या तळाची माती काळीशार होती. तिसरी पियाली रिकामी होती. आणि त्या विटेसारख्या नानला दुसऱ्या कडेने एक घास कमी झाला होता. दातांचं एकही चिन्ह नव्हतं. कड मऊ, ओली, हिरड्यांनी चेपून तोडल्यासारखी.

बुवीने नान कपाळाला लावला, कापडात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"चढ. परत अडकव."

मी अडकवला. बाहेर पडल्यावर पाटावर डोकावून पाहिलं. धूळ उडत होती. पाणी सुटलं ते आणखी चार दिवसांनी.

त्या लाटेत पाटाच्या त्या बाजूची सहा माणसं गेली. बुवी राहिली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डोसला तिने न बोलावता दंड पुढे केला. पुढची दोन वर्षं ती मजेत जगली, गल्लीतल्या सुनांना टोमणे मारत. गेल्या शरद ऋतूत झोपेतच गेली. तिला अंघोळ घालणाऱ्या बायकांत मी होते. सगळ्यांनी तिचं तोंड पाहिलं, सगळी गल्ली पोचवायला आली. माझं एक ओझं उतरलं.

मुरोदजोनला विमान मिळालं नाही. त्याने फोन केला, "सानोबर ओपा, घरात एक चक्कर टाका, सगळं नीट बंद आहे ना बघा." सात दिवस झाले होते. किल्ली माझ्याकडेच होती. मी टळटळीत दुपारी गेले, घाबरायला नको म्हणून. जणू दुपारी मला कधी काही झालंच नव्हतं.

खोली झाडून ठेवल्यासारखी होती. पेटारा नव्हता. तो मयतीच्या दिवशी शेजाऱ्यांनी बाहेर काढून ओसरीत ठेवला होता. भिंतीशी जमिनीवर ते जुनं कापड होतं, नान नव्हता. एक तीळसुद्धा नाही. कापडाची चौकोनी घडी घातली होती. कमरेचा रुमाल ओता जशी घालायचे, तशी.

आणि वर, जिथे कुणाचाच हात पोचत नाही त्या खिळ्यावर, एक नवा नान टांगलेला होता. मी हात उंच करून त्याच्या खालच्या कडेला जेमतेम बोटांची टोकं लावली. कोमट होता. एकाच घासाने तोडलेला, वरच्या दातांची सगळी ओळ स्वच्छ उमटलेली.

मुरोदजोनला सांगितलं, सगळं ठीक आहे. दार ओढून घेतलं. कुलूप हातात होतं, पण लावलं नाही.