इंग्रजीत दिलेलं आमंत्रण

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि आमच्याच माणसांत घडलंय.

नंदाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. खोटं बोलणारी बाई नाही. खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं, ते तिच्यात तेव्हा उरलंच नव्हतं. शिवाय आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना होते, भूतबाधा वगैरे कुणी मानत नाही. त्यामुळे असलं काही झालं तर सांगायचीही सोय नाही.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच उरकली होती. वार रविवार, वेळ चांगली उन्हाची, जागा कर्वेनगर.

ताईच्या ऑफिसात साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी फर्मान काढलं, परदेशातल्या लोकांशी फोनवर इंग्रजीत बोलता येईल तोच राहील. ताई कामात पक्की, पण इंग्रजी म्हटलं की घशाला कोरड. आणि नोकरी जाऊन चालणार नव्हतं. संपतराव, म्हणजे ताईचे यजमान, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू गेली, पाठोपाठ वाचाही गेली. मूलबाळ नाही. दिवसभर ते बंद घरात एकटे आणि ताई ऑफिसात, असा संसार.

म्हणून तिने कर्वेनगरातला अफशीन मॅडमचा क्लास लावला. तिथे डोळ्यांवर व्हीआरचा काळा डबा बांधतात. बांधला की समोर साहेबी दिवाणखाना उभा राहतो आणि सोफ्यावरची गोरी बाई तुमच्याशी इंग्रजीत गप्पा मारते. चुकलात तरी हसत नाही.

"माणसांपेक्षा बरी आहे," ताई म्हणायची.

अफशीन मॅडमचं एकच सांगणं असायचं. "नंदाताई, मनात भाषांतर करत बसू नका. विचार करायचाच नाही. समोरच्याचं वाक्य संपलं की तुमचं बाहेर पडलं पाहिजे. आणि आपल्याच घराबद्दल बोला, लवकर जमतं."

त्या रविवारचा धडा होता, पाहुण्यांना घरी बोलावणं.

'प्लीज कम टू अवर हाउस.' ताई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आता पुण्यात 'या एकदा घरी' हे वाक्य पाहुण्याला वाटेला लावताना म्हणतात. ते ऐकून खरोखर येणारा माणूस पुण्याचा नसतो.

गोरी बाई हसली. आणि तिच्या मागून आवाज आला...

'हाउ डू आय कम?' कसं यायचं?

पुरुषाचा आवाज. अगदी हळू.

खिडकीपाशी खुर्ची होती. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. आधीपासून होतं का, ताईला आठवेना. दमलेल्या माणसाला नाकासमोरचं दिसलं तरी पुष्कळ. तिला वाटलं, हाही धड्याचाच भाग.

तिने पत्ता सांगितला. खराच सांगितला. कात्रज, डेअरीच्या मागे, इमारतीचं नाव, दुसरा मजला, डावीकडचं दार.

एकदाही अडखळली नाही. तिला किती आनंद झाला.

"त्या दुसऱ्या माणसाशीही जमलं मला," डबा काढता काढता ती म्हणाली.

"दुसरा कोण?" अफशीन मॅडमनी विचारलं. "त्या धड्यात एकच बाई आहे, ताई."

वाद घालायला जीव नव्हता. ताई बस धरायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून आली, तर जिन्यात शेजारच्या शालनवहिनी भेटल्या.

"पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे? दुपारभर गप्पा चालल्यात."

"कोणाच्या?"

शालनवहिनी गोंधळल्या. "अहो, संपतभाऊजींचाच आवाज होता. मला वाटलं, वाचा आली."

दाराला कुलूप तसंच होतं. बाहेरून.

संपतराव पलंगावर पडलेले. मुके. पण स्वयंपाकघरातली खुर्ची पलंगाशी आली होती... आणि खुर्चीजवळ पाण्याचा पेला. अर्धा प्यायलेला.

"अहो, कोण आलं होतं?"

ते हसले. आजारपणात पहिल्यांदाच.

ताई घाबरली. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. दिवसभर छताकडे बघत पडलेला माणूस. कोणी का असेना, सोबत झाली.

म्हणून ती गप्प राहिली. तिथेच चुकलं.

मग रोजचंच झालं. जिना चढताना बोलणं ऐकू यायचं. किल्ली कुलपात गेली की... शांत. संपतरावांच्या चेहऱ्यावर तजेला आला. फक्त ताईकडे बघणं थांबलं. नजर सारखी त्या खुर्चीकडे.

ऑफिसची परीक्षा ताई पास झाली. नोकरी वाचली. क्लासचा शेवटचा तास राहिला होता, तेवढा करून टाकावा म्हणून ती गेली.

डबा बांधला.

सोफा रिकामा होता. गोरी बाई नव्हती.

खिडकीपाशी तो होता. पाठमोराच.

'थँक यू फॉर एव्हरीथिंग,' तो म्हणाला. 'नाऊ यू बोथ कम टू अवर हाउस.'

आता तुम्ही दोघं या आमच्याकडे.

'शुअर. वुई विल कम.'

ताईचं वाक्य बाहेर पडलंसुद्धा. स्वच्छ, बिनचूक. विचार नंतर आला.

त्या दिवशी तिने रिक्षा केली. वाटभर मनात एकच, हे घरी असू देत.

कुलूप तसंच होतं. आत आवाज नव्हता.

संपतराव पलंगाच्या कडेला बसले होते. आपले आपण. अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, केस विंचरलेले. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली... रिकामी.

"अहो... कुठे निघालात?"

आणि ते बोलले. अगदी पूर्वीच्या आवाजात.

"आवर ना लवकर. थांबलेत ते."

त्यानंतर आजपर्यंत शब्द नाही. खुर्ची आम्ही देऊन टाकली. क्लास बंद. ताई ऑफिसला जाते तेव्हा मी कात्रजला जाऊन त्यांच्यापाशी बसते. ते रोज दुपारी डाव्या हाताने सदरा ओढून घेतात, मी रोज काढून ठेवते. दमायला होतं.

पण खरी काळजी मला त्यांची नाही.

परवा ताई ऑफिसातून आली, चप्पल काढली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

मग म्हणाली, "किती दिवस टाळायचं गं? मी आता फार थकलेय."

मी म्हटलं, "ताई, असं बोलू नये."

आज सकाळी तिने तिची चांगली साडी इस्त्रीला दिली. घरात कुठलंच कार्य नाही.