वामकुक्षीत मेलेला वैदू

फाट्यावर बस थांबली, आणि डोक्यावर पाटी घेतलेला एक तरुण "चिपा! गरम चिपा!" असा पुकारा करीत आत चढला. पाटीवरचे पांढरे फडके सरकले मात्र, भाजलेल्या पावांतल्या चीजचा आणि बडीशेपेचा दरवळ सबंध बसमध्ये पसरला. परंतु खिडकीशी बसलेल्या सुनिल्दाचे तिकडे चित्त नव्हते. तिच्या मांडीवर वही उघडी होती, वहीत अकरा चौकटी होत्या, आणि पेन्सिलीचे टोक चावून चावून चपटे झाले होते.

"अकरा माणसांत तीन मारेकरी? दोन दिवसांत गावाचा फडशा पडेल, बाई."

सुनिल्दाने दचकून वही छातीशी धरली. "दुसऱ्याच्या वहीत डोकावायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही हो. धंदा चिपाचा. डोकावणं वर फुकट देतो."

रागवावे असे तिच्या मनात होते. पण कुतूहल हे रागाचे थोरले भावंड आहे, ते नेहमी आधी बोलून जाते. "मग... किती हवेत?"

"दोन. आणि एक वैदू घाला. वैदू नसला की गावाला आशा उरत नाही, आणि आशा नसली की माणसं खेळ अर्ध्यावर टाकून जातात."

"तुम्ही खेळला आहात?"

"सैन्यात होतो तेव्हा. तिथे दुसरं होतं काय?"

तिने एक चौकट खोडली. तेवढ्यात चालक ओरडला, "ए देर्लिस, उतरतोस की राजधानीपर्यंत येतोस फुकट?"

"उतरतो हो मामा!" असे म्हणून तो पुन्हा तिच्याकडे वळला. "तुमच्या यादीत दहाच नावं दिसतात. अकरावा सापडला का?"

नव्हता सापडला. सुनिल्दाने त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला, आणि कागदात गुंडाळलेला ऊन चिपा तिच्या हातात आला तेव्हा बोटांना तो अंमळ जास्तच ऊन लागला.

हा खेळ व्हियारिका गावातील काही मंडळी सहा वर्षांपासून मोबाइलवरच्या एका गटात खेळत असत. कोण मारेकरी हे कोणासच ठाऊक नसे. मारेकरी रात्री गुपचूप एकेकाला मारीत, आणि उरलेले संध्याकाळी मते देऊन संशयिताला गावाबाहेर काढीत. सर्व गुपिते केवळ सूत्रधारास ठाऊक असत. निवृत्त शिक्षिका ब्लासिदाबाई आजवर सूत्रधार होत्या. परंतु त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या सुनिल्दालाच त्यांनी ही सूत्रे सोपवली. "यंदा मला खेळायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "पण एक ध्यानात ठेव, पोरी. सूत्रधाराला बाजू नसते. एकदा का लोकांना वाटलं की हिचं माप कोणाकडे झुकतंय, की हा गट मोडला म्हणून समज."

सुनिल्दाने शब्द दिला होता.

आमच्याकडे भीती रात्रीची नसते, दुपारची असते. सोनेरी केसांचा बुटका जातेरे भर उन्हात शीळ घालतो आणि न झोपणाऱ्या मुलांना रानात नेतो, हे येथील प्रत्येक लेकराला पाळण्यात कळते. म्हणून सुनिल्दाने मारेकऱ्यांस जातेरे हे नाव दिले आणि खेळातील रात्र भर दुपारी, एक ते तीन या वामकुक्षीच्या वेळी ठेवली. त्या वेळेत जातेऱ्यांनी सावज कळवायचे, वैदूने कोणाला वाचवायचे ते कळवायचे. तीन वाजले की दार बंद. आणि मेलेल्याने खेळ संपेतो अवाक्षर काढायचे नाही. दुकाने बंद, सर्व जण घरी, हाती मोबाइल... तिला आपल्या कल्पकतेचा फार अभिमान वाटला. त्या वेळी माणसे आडवी होतात ती झोपण्यासाठीच, हे मात्र तिच्या ध्यानी आले नाही.

वडिलांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून तिने भूमिका वाटल्या. एका जातेऱ्याची चिठ्ठी साक्षात ब्लासिदाबाईंच्या वाट्याला आली. वैदूची आली देर्लिसच्या.

पहिल्या दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी त्याचा संदेश आला. "मी ब्लासिदाबाईंना वाचवतो. वयस्कर बाई आहेत."

सुनिल्दाने हसू दाबले. ती लगेच उत्तरली, "नोंद केली."

"एवढ्या लवकर उत्तर? म्हणजे जातेऱ्यांचा अजून काही निरोप नाही वाटतं. मोकळ्याच बसलात."

तिच्या गालांवर रक्त चढले. केवढी चूक! सूत्रधाराच्या घाईतूनही गुपित गळते. तिने तत्क्षणी ठरवले, यापुढे प्रत्येकाला घड्याळ लावून दहा मिनिटांनीच उत्तर द्यायचे.

"सूत्रधारबाई, जेवलात का?"

दहा मिनिटे. "हो."

"काय जेवलात?"

दहा मिनिटे. "हा खेळाचा प्रश्न नाही."

"म्हणून तर विचारला. आणि ही दहा मिनिटं... सगळ्यांसाठी मोजता, की माझ्यासाठीच?"

ती खाटेवर पडून छताच्या पंख्याकडे पाहत राहिली. हा माणूस मन रिझवीत आहे की गळ टाकीत आहे? गोड बोलून गुपित काढणे हीच तर या खेळातील विद्या! तिच्या उभ्या आयुष्यात कोणा पुरुषाने ती काय जेवली हे विचारले नव्हते, आणि आता विचारले ते अशाने, ज्याला विचारण्यात लाभ होता.

दुसऱ्या दुपारीही त्याने ब्लासिदाबाईंनाच वाचवले. त्यानंतर तो खेळाविषयी काहीच बोलला नाही. पहाटे तीनला तो भट्टी पेटवतो, मक्याचे पीठ मळताना आई कोणती प्रार्थना पुटपुटते, पाऊस आला की लाकूड कसे धुमसते... तो लिहीत राहिला.

"मग झोपता केव्हा?" तिने विचारले. घड्याळ लावायचे ती विसरली होती.

"एरवी? एक ते तीन."

"आणि आत्ता?"

"आत्ता पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसलोय. खेळासाठी हो, खेळासाठी!"

त्या संध्याकाळी गावाने एक जातेरे पकडला. एकच उरला: ब्लासिदाबाई.

तिसऱ्या दिवशी पावणेबाराला देर्लिसचा निरोप आला, "आज बहुधा स्वतःलाच वाचवीन. काल मी फार बोललो गटात, माझ्यावर डोळा असेल. एकला नक्की सांगतो."

एक वाजला. ब्लासिदाबाईंचा निरोप प्रथम आला, "आज तो चिपावाला. भारी चुरुचुरु बोलतो."

देर्लिसचा निरोप येईना. दीड वाजला. दोन झाले. सुनिल्दाला पुरते उमगले: बादलीतले पाणी कोमट झाले असेल, आणि तो बसल्या जागी निजला असेल. 'बहुधा' हा शब्द ती पुन्हा पुन्हा वाचत होती. धरावा का तो निरोप? पण नियम म्हणतो एक ते तीन, आणि 'बहुधा' म्हणजे होकार नव्हे. एक फोन केला तर? एकच घंटी! कोणालाही कळणार नाही. तो जगेल, उद्याही एकला लिहील, काय जेवलीस म्हणून विचारील...

दोन एकोणसाठला तिने त्याचा क्रमांक काढला. अंगठा त्यावर टेकता टेकता थांबला.

तीन वाजले. तिने गटात लिहिले, "आज दुपारी जातेऱ्याने देर्लिसला नेले. तो गावाचा वैदू होता."

तीन वीसला त्याचा संदेश आला. "झोप लागली हो! मेलो की काय?"

"मेलात." तिचे डोळे भरून आले होते, म्हणून शब्द अधिकच कोरडे उमटले. "मेलेल्याने बोलायचं नसतं."

त्यानंतर तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तर मग गळच होता तो, सुनिल्दाने मनाशी म्हटले. मासा हाती लागणार नाही असे कळले, आणि कोळ्याने दोरी गुंडाळली. तरीही मेले कुतूहल शांत बसते थोडेच? नऊ वाजता ती फाट्यावर जाऊन उभी राहिली.

"चिपा! गरम चिपा!" त्याचा आवाज खणखणीत होता. तिला पाहताच मात्र तो एकाएकी मुका झाला.

"रागावलात?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग बोलत का नाही?"

त्याने डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि मान एका बाजूला टाकली.

"म्हणजे... मेलात म्हणून? अहो, तो नियम गटापुरता होता! मी सूत्रधार आहे, मी परवानगी देते, बोला!"

त्याने ठामपणे बोट हलवले. शेजारी फळे विकणारी बाई कनवटीला पैसे खोचत म्हणाली, "कालपासनं तुझं नाव निघालं की असंच करतो गं हा! मला म्हणतो, खेळ अजून चालू आहे. पोरी, लवकर संपव बाई तो खेळ."

त्या दिवशी सायंकाळी चौघेच जिवंत होते. हीच अखेरची मते. चुकीचा माणूस गेला की खेळ जातेऱ्याचा. सुनिल्दा चौकातल्या लापाचोच्या झाडाखाली बाकावर बसली. थोड्या वेळाने बाकाच्या दुसऱ्या टोकाला देर्लिस येऊन बसला, हाती थंड पाण्याचा थर्मास, आणि ओठ शिवलेले.

एक मत ब्लासिदाबाईंवर पडले. बाईंनी आपले मत चौघांपैकी शिंप्यावर दिले. शिंप्याने उलट बाईंवर. उरलेला एक जण दहा मिनिटे लिहीत आणि खोडीत राहिला. अखेर उमटले: "ब्लासिदाबाई, माफ करा."

गाव वाचले! शेवटच्या मताने! सुनिल्दाने निकाल लिहिला, आणि रीतीप्रमाणे चारही दिवसांची गुपिते खाली मांडली. लगेच ब्लासिदाबाईंचा आवाज मोबाइलमधून गडगडला, "अगं, काय तोलाचा खेळ मांडलास! शेवटच्या मतापर्यंत मला घाम फोडलास. पुढचाही तूच घे. आणि त्या चिपावाल्याला म्हणावं, दोन दिवस कोणाला वाचवत बसला होतास रे, गाढवा? मारेकऱ्याला?"

देर्लिसने दीर्घ श्वास घेतला. "जिवंत झालो एकदाचा."

"आता मी विचारते," सुनिल्दा म्हणाली. "जेवलात का, भट्टी, पाऊस... ते सगळं माझ्याकडून गुपित काढायला होतं ना?"

"पहिल्या दिवशी... हो. अर्धं."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या दिवशी ब्लासिदाबाईंचं नाव पुन्हा का दिलं मी, सांगू? दुसरं कुठलं नाव आठवेचना. तुझंच तेवढं आठवत होतं, आणि तू तर खेळात नव्हतीस."

तो 'तू' दोघांनीही ऐकला. कोणीच दुरुस्त केला नाही.

"काल एक मिनिट कमी असताना मी तुझा नंबर काढला होता," ती हळूच म्हणाली. "लावला नाही. तू मेलास तेव्हा... मला रडू आलं. खेळातलं मरण, आणि मला रडू!"

"लावला असतास तर आज मी या बाकावर नसतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलणारी पुढे माझ्याशीही खोटं बोलेल, असं वाटलं असतं. बादलीची शपथ, खरंच सांगतो."

ती रडता रडता हसली. त्याने थर्मासमधले बर्फगार पाणी शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर ओतून तेरेरे केले, नळी तिच्याकडे वळवली आणि पेला पुढे केला. आमच्याकडे पेला परत देताना ज्याने 'धन्यवाद' म्हटले, त्याला पुढचा मिळत नाही. त्याची तहान भागली असे धरतात.

सुनिल्दाने शेवटच्या थेंबापर्यंत ओढले, पेला त्याच्या हातात ठेवला, आणि त्याच्याकडे पाहत ओठ घट्ट मिटून घेतले.

त्याने तो पुन्हा भरला.