मागचं बटण

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. मला कुणाला पटवायचं नाही. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. तनुजा ही माझ्या बायकोची चुलतबहीण. आणि यातलं शेवटचं जे आहे, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

अमावस्या नव्हती. मध्यरात्रही नव्हती.

कर्वेनगर, सोसायटीचा तिसरा मजला, गेल्या वर्षीचा मे महिना. गुरुवार. भर दुपार.

पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. दुरुस्तीची कामं असतात. सकाळी जाते, दुपारी येते, आणि लोक नेमाने चिडतात.

तनुजाचे वडील भीमराव कधी चिडायचे नाहीत. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढलेला शिस्तीचा माणूस. वीज गेली रे गेली की ते उठायचे आणि घरभर फिरून बटणं बंद करायचे. आधी स्वयंपाकघरात फ्रिजचं. मग हॉलमध्ये टीव्हीचं. शेवटी आतल्या खोलीत कॉम्प्युटरचं. त्याचा भिंतीवरचा बोर्ड कपाटामागे गेलेला. म्हणून ते टेबलाखाली वाकायचे, आणि डब्याच्या पाठीमागचं छोटं काळं बटण दाबायचे.

वाकताना त्यांचा गुडघा वाजायचा.

टक्. टक्. मग गुडघा... आणि टक्.

“वीज जाताना काही करत नाही, येताना माजून येते,” ते म्हणायचे. एकदा त्यांचा टीव्ही असाच जळाला होता. वीज आल्यावरही घड्याळ बघून दहा मिनिटं थांबायचे, मगच बटणं लावायचे. तनुजा त्यांची यथेच्छ थट्टा करायची.

आदल्या ऑक्टोबरमध्ये भीमराव गेले. झोपेतच. घरात तनुजा आणि तिची आई राधाकाकू, दोघीच उरल्या.

आणि उरला तो कॉम्प्युटर.

त्यात शकूआजी होती. भीमरावांची आई, वाघोलीची. वाघोली खेडं होतं तेव्हाची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आजीने आणि आळीतल्या बायकांनी जात्यावर गाणी रचली होती. भीमरावांनी आजीला समोर बसवून ती रेकॉर्ड केली होती. एक्केचाळीस गाणी. मध्ये मध्ये त्यांचा स्वतःचा आवाज, “आई, पुढचं म्हण.” आणि आजीचा, “म्हंते की, दम हाय का तुला?”

दोघांचेही आवाज दुसरीकडे कुठेच नव्हते. पेन ड्राइव्हवर भीमरावांचा विश्वास नव्हता.

गंमत बघा, तनुजा आयटी कंपनीत आहे, आणि तिचं काम काय, तर लोकांच्या डेटाची दुसरी प्रत काढून ठेवणं. त्याचा पगार घेते. घरच्या एक्केचाळीस गाण्यांची प्रत मात्र तिने काढली नव्हती. दर रविवारी बसायची. पहिली फाइल उघडायची. “आई, पुढचं म्हण,” एवढं ऐकू आलं की बंद करून टाकायची. तिला सहन व्हायचं नाही.

पुढच्या रविवारी करू, म्हणायची.

त्या गुरुवारी वीज साडेदहाला गेली, तीनला आली. तनुजा घरूनच काम करत होती. संध्याकाळी ती बाबांच्या कॉम्प्युटरपाशी गेली, बटण दाबलं...

काहीच नाही.

दिवा नाही. पंख्याची घरघर नाही. वायर काढून लावली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. काही नाही.

तिने रतनला बोलावलं. कोपऱ्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काम चोख, जीभ तिरकी.

“इंजिनियर लोकांनी बोलावलं की मला फार बरं वाटतं,” तो म्हणाला आणि खाली बसला. डब्याची बाजू उघडली. रॅमची पट्टी काढली, खोडरबरने घासली, पुन्हा बसवली. आतला सेल काढला, लावला. अर्धा तास गेला. काही उपयोग नाही.

मग सप्लाय तपासायला म्हणून त्याने टेबल ओढलं आणि टॉर्च मागे मारला.

“मॅडम, हे मागचं बटण बंद आहे. कोणी केलं?”

“कोणीच नाही.”

“मग मी केलं असेल, दुकानात बसून.”

त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटर झटक्यात चालू झाला. तनुजा हसली. रतनही हसला. मग हसता हसता तो थांबला.

डब्याच्या पाठीवर सात-आठ महिन्यांची धूळ होती, जाड. बटणावर मात्र एक बोटभर जागा स्वच्छ होती. एका कडेला. बंद करताना जिथे बोट पडतं तिथे.

“कॉपी काढून ठेवा यातलं जे असेल ते,” रतन जाताना म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तनुजा ऑफिसला गेली होती. संध्याकाळी घरी आली तर फ्रिज बंद, टीव्ही बंद, दूध नासलेलं. कॉम्प्युटर बंद... मागून.

“आई, तू बंद केलंस?”

“मी इथेच बसले होते शेंगा सोलत,” राधाकाकू म्हणाल्या. “वीज गेली. मग स्वयंपाकघरात टक् झालं. मग इथे टीव्हीपाशी. मग आत गेले.”

“कोण आत गेले?”

राधाकाकूंनी लेकीकडे असं पाहिलं, की काय वेड्यासारखं विचारतेस.

“आणि वीज आल्यावर तू परत का नाही लावलीस बटणं?”

“दहा मिनिटांनी लावतात ना ते. मी वाट बघत होते.”

तनुजा त्या रात्री झोपली नाही. आई खचलीये, आईच करते आणि विसरते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिसऱ्या गुरुवारी तिने सुट्टी घेतली, आईला शेजारी पाठवलं, दाराला आतून कडी लावली आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून राहिली.

दहा पस्तीसला वीज गेली. पंखा मंदावला. थांबला.

स्वयंपाकघरातून... टक्.

ती जागची हलली नाही.

हॉलमधून... टक्.

मग बराच वेळ काही नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. घरात ती एकटीच होती.

तिच्या अगदी पायाशी, टेबलाखाली...

कट्.

गुडघा वाजला.

आणि टक्.

ती चप्पल न घालता तीन मजले उतरली.

तनुजाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. जिवंतपणी ज्यांची थट्टा केली, त्यांनीच तिला घराबाहेर काढलं होतं. तिने रतनला फोन केला.

“बटण जुनं आहे, ढिलं झालंय,” तो म्हणाला. गुडघ्याचं तिने त्याला सांगितलंच नव्हतं. “वायरिंगवाले लावतात ती काळी टेप मारतो घट्ट. बंदच होणार नाही.”

त्याने बटण चालू केलं आणि वरून टेपचे तीन थर बसवले.

“कॉपी काढली का?”

“रविवारी काढते,” तनुजा म्हणाली.

रविवारी तिने पहिली फाइल उघडली. “आई, पुढचं म्हण.” या वेळी तो आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तिने बंद केलं.

चौथा गुरुवार. दहा चाळीस. दोघी हॉलमध्ये, हातात हात घेऊन.

टक्... फ्रिज.

टक्... त्यांच्यापासून चार हातांवर, टीव्हीचं बटण बंद झालं. तनुजाने ते होताना पाहिलं.

आतून गुडघा वाजला.

मग टक् झालंच नाही.

त्याऐवजी...

खर्र.

खर्र... खर्र...

नखाने काहीतरी उकरल्यासारखं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. अर्धा तास झाला. तास झाला.

“तनू,” राधाकाकू हळूच म्हणाल्या, “जा, ती टेप काढ. त्यांना जमत नाहीये.”

तनुजा उठली नाही. ती मला म्हणाली, “भाऊजी, पाय उचलतच नव्हते.” मला ते खरं वाटतं. मी असतो तर मीही उठलो नसतो.

अडीच वाजता खरखर वाढली. घाईघाईने, एकसारखी, जसं कुणाच्या तरी हातात वेळ उरलेला नाही.

खर्र खर्र खर्र खर्र...

आणि वीज आली.

ट्यूब भपकन पांढरीफेक झाली. पंखा गरगरला. आत फट्ट असा आवाज झाला आणि जळका वास हॉलभर पसरला.

त्या दिवशी सोसायटीत नऊ टीव्ही आणि चार फ्रिज जळाले. या घरातले दोन्ही शाबूत राहिले, कारण त्यांची बटणं बंद होती.

जळाला तो फक्त कॉम्प्युटर.

रतनने हार्ड डिस्क तीन ठिकाणी नेली. तिन्ही ठिकाणी माना हलल्या. शकूआजी गेली, भीमरावही गेले. पुन्हा एकदा.

डबा परत आणून दिला तेव्हा रतनची जीभ तिरकी चालली नाही. त्याने टेप दाखवली. तिच्या एका कडेवर बारीक बारीक ओरखडे होते, शेकडो. दोन थर सुटले होते. तिसरा अर्धा.

“अजून दहा मिनिटं मिळाली असती तर...” तो म्हणाला. ती टेप त्याने तनुजाच्या हातात दिली. दुकानात ठेवायला तयार नव्हता.

डबा भंगारात गेला. टेबलही दिलं. त्या कोपऱ्यात आता रिकामी भिंत आहे.

गुरुवारी वीज गेली की तनुजा स्वतः उठते आणि फ्रिजचं, टीव्हीचं बटण बंद करते. ती उठायच्या आत आता दुसरं कुणी ती बंद करत नाही. त्यांना तेवढ्याला सवडच नाही.

मागच्या महिन्यात मी तिथे होतो. गुरुवार होता. पावणेअकराला वीज गेली, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यातून, भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंचीवर...

खर्र.

खर्र... खर्र...

राधाकाकू कोपऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. तनुजा भिंतीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली.

“बाबा, काढली टेप,” ती म्हणाली. “बाबा, कॉम्प्युटर नाही इथे आता. सोडा. माझी चूक झाली.”

दर गुरुवारी सांगते म्हणे.

खरखर थांबली नाही. वीज येईपर्यंत चालू होती, आणि शेवटी शेवटी फार घाईत होती.

उद्या गुरुवार आहे. तनुजाने बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.