दोषाचा रकाना

शेजारणीकडे विरजण मागायला निघताना आधी मनगटाकडे बघायचं, ही सवय नांदवणच्या बायकांना गेल्या वर्षभरात लागली होती. मनगटावरच्या पट्टीचा दिवा हिरवा असला तर वाटी घेऊन खुशाल निघावं. पिवळा असला तर मुकाट घरात बसावं. धरणावरून पेटलेल्या लढाईत वरच्या खोऱ्याच्या फौजेने गाव घेतलं आणि आठवड्याभरात शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना या पट्ट्या बांधल्या. कोण कोणाजवळ किती वेळ उभं होतं, एवढंच पट्टी टिपायची. त्यावरून कचेरीतलं यंत्र प्रत्येकाचा ‘संगत-अंक’ काढायचं आणि दिव्याचा रंग ठरवायचं.

अनसूयाबाई गवांदे यांना त्या यंत्राचं काडीचंही कौतुक नव्हतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई ती. मोजणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सध्या त्यांचं सगळं लक्ष सुनेकडे होतं. वृंदाला बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते.

त्याच आठवड्यात कोणीतरी ड्रोन उडवला आणि पुलापलीकडचा फौजेचा तेलसाठा पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तांबटआळीच्या नळांना पाणी आलं नाही. आळीच्या तोंडाशी शिक्षेची नोटीस लागली होती: एकेचाळीस घरं, नऊ दिवस पाणी बंद, टँकरमधून घरटी रोज एक कळशी.

एक कळशी! बाळंतिणीच्या घरात! तिसऱ्या दिवशी वृंदा तापाने फणफणली, अंगावरचं दूध आटू लागलं, धुतलेलं एकही दुपटं उरलं नाही. तेव्हा अनसूयाबाई उठल्या आणि तडक फौजेच्या कचेरीत गेल्या.

तिथला कॅप्टन भोईटे पोरगेलासा आणि बोलायला अदबशीर होता. “बसा, बाई,” म्हणत त्याने यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “तुमच्या आळीत रोज संध्याकाळी एकजण शेजारच्या घरी जातो, दोन मिनिटं हाताच्या अंतरावर थांबतो, परततो. मग त्या घरातून कोणी तिसऱ्या घरी. क्रम रोज वेगळा. यंत्र म्हणतं, ही निरोपांची साखळी आहे.”

अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, विरजण आहे ते!”

“काय?”

“दह्याचं विरजण! तुम्ही दिवसाला सहा तास वीज देता. फ्रिज बंद, दही आंबून जातं. मग ज्याचं चांगलं लागलं असेल त्याच्याकडून चमचाभर आणायचं. तुमच्या आईने कधी आणलं नाही का?”

भोईटे क्षणभर गोंधळला, मग चक्क हसला. “मीच जायचो वाटी घेऊन.”

त्याने यंत्राला त्या फेऱ्या वगळायला सांगितलं. पडद्यावरचं घरांचं जाळं भराभर विरून गेलं. अनसूयाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण एक ठिपका तांबडाच राहिला.

“मालन करडे,” भोईटेने वाचलं. “वय एकाहत्तर. ड्रोन उडवणारा तिचा भाचा. चार दिवस तिच्याकडे राहिला आणि नदीपार पळाला. हे घर आळीत धरलं तोवर शिक्षा सगळ्या आळीला. बाई, तुम्ही आळीतर्फे इथे सही करा, की हे घर तुमच्यात धरू नये. तासाभरात बाकीच्या चाळीस नळांना पाणी येईल.”

मालन! रोज सकाळी येऊन वृंदाच्या बाळाला न्हाऊ घालणारी ती.

“तो काय करणार, हे तिला ठाऊक होतं का?”

“ते पट्टीला कळत नाही. ती जवळ होती, एवढं कळतं.”

“मग तिचा दोष काय?”

“यात दोषाचा रकानाच नाही, बाई.” त्याच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता.

“आणि आम्ही तिला पाणी दिलं तर?”

“देणारं घर तिच्या शिक्षेत जाईल. सही झाली की तिचं पाणी नव्वद दिवस बंद. टँकरही नाही.”

अनसूयाबाईंनी पेन हातात घेतलं. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. वर्गात कोणीतरी भिंग फोडलं होतं. नाव कळेना म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला उन्हात उभं केलं होतं. अर्ध्या तासात पोरांनी एक नाव दिलं. ज्याला वर्गात एकही सोबती नव्हता, त्याचं. भिंग त्याने फोडलं नव्हतं, हे त्यांना महिन्याने कळलं. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“विचार करा, बाई,” भोईटे कळवळून म्हणाला. “एकाच घराचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

वाटेत त्यांच्या मनात आलं: चाळीस घरांच्या वतीने नाही म्हणायचा अधिकार आपल्याला तरी कोणी दिला? घरी येऊन त्यांनी वृंदाला काही न लपवता सगळं सांगितलं.

वृंदा रडली नाही, चिडली नाही. तापलेल्या हाताने तिने बाळाला जवळ ओढलं.

“मालनमावशींनी काही केलं नाही,” ती म्हणाली. “तुम्हीही केलंत ते बरोबरच केलंत. मग उरलेले सहा दिवस हे पोर कोणाची शिक्षा भोगणार आहे, आई?”