शब्द माझे, तारे जाहिरात विभागाचे

पत्रकारांसाठी ठेवलेल्या सिनेमाच्या खेळाला मी उशिरा पोचले आणि अंधारात चाचपडत मिळेल त्या खुर्चीत बसले. सिनेमा छान चालला होता... आणि शेवटी एकदम बिनसला. मेलेला नायक चक्क उठून नाचायला लागला!

"अगं बाई! ही कात्री कुणाच्या हातात दिली होती?" मी पुटपुटले.

"माझ्याच," शेजारून आवाज आला. "पण शेवट निर्मात्यानं बदलायला लावला."

दिवे लागले. विस्कटलेले केस, जागरणानं लाल झालेले डोळे — आणि त्या डोळ्यांत मिश्किल हसू. सिनेमाचा संकलक! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

परीक्षणात मी सगळं स्पष्ट लिहिलं. आमच्या पेपरात छापून आलं, तर डोक्यावर चार तारे! दुपारी त्याचा फोन.

"आधी कान पिळायचा आणि मग गालगुच्चा घ्यायचा, ही कुठली रीत?"

"शब्द माझे. तारे जाहिरात विभागाचे," मी म्हणाले. "पानभर जाहिरात दिली की चार. आमच्याकडे असंच चालतं."

तो खळखळून हसला. "म्हणजे आपण एकाच नावेतले! चहा घेणार?"

मग चहाचं रोजचंच होऊन बसलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो स्वतःचा सिनेमा करत होता. निर्माता नाही, मोठा नट नाही, नायकाच्या जागी त्याचे सख्खे मामा. खिडकीला जाड चादर लावलेल्या त्याच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती मला देऊन तो उलट्या बादलीवर बसायचा आणि एकेक दृश्य पुढे-मागे करत राहायचा. कामात बुडाला की जीभ बाहेर काढायचा, शहाणा! मी पडद्याकडे कुठली बघतेय...

पूर्ण सिनेमा मात्र त्यानं दाखवला नाही. "समीक्षक म्हणून बघ. मला तुझे खरे तारे हवेत."

सिनेमा लागायच्या आधी संपादकबाईंनी तो परीक्षणाला माझ्याकडेच दिला. "जाहिरात-बिहिरात काही नाही याची. तारे तूच दे."

इतकी वर्षं याच वाक्याची वाट बघत होते मी. आणि आलं कधी, तर आता!

"मी नाही लिहू शकत, मॅडम."

"का गं?"

"तो... माझा माणूस आहे."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "त्याला माहितेय?"

"अजून नाही."

परीक्षण क्रीडापानवाल्या काकांकडे गेलं. मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसून सिनेमा पाहिला. काकांनी दिले अडीच तारे. परीक्षण छापून आलं त्या दिवशी तो आमच्या ऑफिसच्या जिन्यात उभा, चेहरा उतरलेला.

"तू का नाही लिहिलंस?"

"ज्याच्यावर जीव जडलाय त्याला तारे देता येत नाहीत," मी एका दमात बोलून टाकलं.

त्याचे कान लाल झाले.  मग तो हळूच म्हणाला, "छापू नकोस. मला एकट्याला सांग — किती?"

 एवढंसं खोटं बोलले असते तर तो खूश झाला असता. आणि खरं ऐकून पाठ फिरवून निघून गेला तर? पण आता खोटं बोलले, तर शेवट गोड करून घेणाऱ्या त्या निर्मात्यात आणि माझ्यात फरक काय?

"तीन. मामा रडतात ते दृश्य फार लांबलंय. मामा आहेत म्हणून तुला कापवलं नाही."

तो पायरीवर मटकन बसला. 

"खरंय," तो शेवटी म्हणाला. "मला कळत होतं गं. सांगणारं कुणी नव्हतं." मग मान वर करून, "पण कापायचं की नाही, ते मी ठरवणार हं!"

"तूच ठरव. तारे मी देणार."

"आणि लग्नाचं?"

"ते दोघांनी मिळून ठरवायचं," मी त्याच्या शेजारी बसत म्हणाले. "म्हणजे... माझं ठरलंय. तुझं सांग."