तारेविना आलेलं गिऱ्हाईक

यात पदरचा एक शब्द नाही. माझ्या आतेबहिणीनं, ताईनं, जसं सांगितलं तसंच सांगतोय.

रविवार होता. दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात ताई एकटीच.

तिची कंपनी रुग्णांना घरी लागणारी उपकरणं ऑनलाइन विकायची. वेबसाइटवर बदल चढवायचं काम ताईचं. दुकान चालू असतानाच बदल करायचा, म्हणून तिची रीत ठरलेली. आधी थोड्या गिऱ्हाइकांवर चालवून बघायचं, मगच सगळ्यांना.

त्या महिन्यात ऑक्सिजन मशीनचा तुटवडा होता. बॉट, म्हणजे माणसाच्या जागी खरेदी करणारे प्रोग्रॅम, आलेला माल क्षणात उचलायचे. साहेब वैतागले. आठवड्यापूर्वी त्यांनी हुकूम सोडला, की जो पान सारखं रिफ्रेश करेल तो बॉट. त्याला बाहेर काढा. आजच, सगळीकडे, एकदम.

ताईनं परोपरीनं सांगितलं, ज्याच्या घरात कुणी गुदमरतंय तोही हेच करेल. आधी थोड्यांवर बघू.

साहेबांनी तिला उडवून लावलं.

मंगळवारी कस्टमर केअरला एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा अकरावा. त्यांची बायको, निवृत्त शिक्षिका, अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर मशीन शोधत होती. वेबसाइटनं तिला बॉट ठरवून बाहेर ठेवलं होतं.

"आता मशीन नको," ते म्हणाले. "पहाटे ती गेली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब म्हणाले, एखादी चूक व्हायचीच.

म्हणून त्या रविवारी ती हट्टानं तो नियम दुरुस्त करायला बसली. दुरुस्ती आधी एका वेगळ्या कॉम्प्युटरवर चढवली. तो बाहेरच्या जगाशी जोडलेलाच नव्हता. तिथे गिऱ्हाईक येणं शक्य नव्हतं.

पडद्यावर गिऱ्हाइकांचा आकडा उमटला...

एक.

तिनं ऑफिसच्या नेटवर्कची तारही उपटली.

तरी एक.

कुणीतरी ऑक्सिजन मशीनचं पान रिफ्रेश करत होतं. दर तीन सेकंदांनी.

आणि मागच्या रिकाम्या टेबलांमधून मोबाइलच्या काचेवर बोट आपटल्यासारखा आवाज आला...

टक्.

मग एक श्वास. ओढून घेतलेला. अर्धाच.

टक्.

ताई वळली. कुणी नव्हतं.

तिनं साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. टक् आणि तो अर्धा श्वास साहेबांनाही ऐकू गेला.

"बॉट आहे," ते म्हणाले. "ब्लॉक कर."

"बॉटला धाप लागते, साहेब?"

फोन कट.

तिनं ब्लॉक केलं नाही. त्या एकाला वाट मोकळी करून दिली.

पान उघडलं. एक मशीन कार्टमध्ये गेलं.

टक् थांबलं.

श्वासही...

सोडल्याचा आवाज मात्र आलाच नाही.

सोमवारी गोदामात ऑक्सिजन मशीनचं एक सीलबंद खोकं कमी भरलं. ते कुठे गेलं, अजून कुणाला माहीत नाही. साहेबांनी त्याचा अहवाल मागितला आणि कारणही सांगून टाकलं, बॉटचा हल्ला लिही. ताईनं कारणाच्या रकान्यात त्या गेलेल्या शिक्षिकाबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि राजीनामा ठेवून निघून आली.

साहेबांनी तो अहवाल तीनदा बदलला म्हणे. उघडला की रकान्यात बाईंचंच नाव असतं.

"भीती नाही वाटत?" मी ताईला विचारलं.



"वाटते," ती म्हणाली. "पण ते नाव तिथेच राहू दे."